तायाचा डावा पाय

डॉक्टर हेरवाडकरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"ही रेघ दिसतेय का बाई? केसाएवढी आहे. पण फ्रॅक्चर ते फ्रॅक्चर."

मला रेघ दिसत नव्हती. करड्या ढगांसारखं काहीतरी दिसत होतं. शेजारी उभा असलेला मुलीचा बाप, गेन्नादी पेत्रोविच, मात्र इतका पुढे वाकला होता की त्याचा श्वास काचेवर उमटत होता.

"पावलाच्या मधलं हाड आहे हे," डॉक्टर म्हणाले. "इथे रक्त कमी पोचतं, म्हणून भरायला वेळ लागतो. आज प्लास्टर घातलं आणि आठ आठवडे पाय टेकवला नाही, तर भरून येईल. वय अठरा आहे तिचं. पण यावर ती पळत राहिली तर हाडाचे दोन तुकडे होतील. मग ऑपरेशन, स्क्रू. आणि एवढं करूनही ती पुन्हा अशी पळेल, याची हमी मी देणार नाही."

"उद्या तिची फायनल आहे, डॉक्टर," मी म्हटलं.

"उद्या तिनं जिनासुद्धा चढायचा नाही. नीट समजावून सांगा त्यांना."

समजावून सांगणं हेच माझं काम होतं. दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. पुण्यात मी संध्याकाळी रशियनचे वर्ग घ्यायचे आणि दिवसा कारखान्यांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करायचे. एका क्लबवर बायकांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली होती. परदेशी मुलींमध्ये रशियन बोलणाऱ्या चारपाच जणी होत्या, म्हणून क्लबच्या चिटणीसांनी मला आठवडाभरासाठी बोलावलं. बाकीच्या मुली मोडक्यातोडक्या इंग्रजीवर निभावून नेत होत्या. या बापलेकीचं मात्र माझ्यावाचून पान हलत नव्हतं. त्यामुळे सोमवारपासून मी त्यांचीच झाले होते.

मुलगी तैसिया. घरचं नाव ताया. व्होल्गाकाठच्या सारातोव शहरातली. बाप तिथल्या शाळेत व्यायामशिक्षक होता. शाळेच्या व्यायामशाळेत पांढऱ्या रंगानं स्वतःच रेघा आखून त्यानं पाच वर्षांच्या पोरीच्या हातात रॅकेट दिली होती. तेव्हापासून तोच तिचा प्रशिक्षक, तोच मालिशवाला, तोच आचारी. त्यांच्यात मोठ्या माणसाला बापाचं नाव जोडून हाक मारतात. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या वडिलांचं नाव विचारलं. मी माधव म्हटलं, आणि मी 'शरयू माधवोव्ना' झाले. वर्गातल्या एकाही विद्यार्थ्यानं मला इतक्या आदबीनं हाक मारली नव्हती.

त्या दुपारी तिनं उपांत्य सामना तीन सेटमध्ये जिंकला होता. हस्तांदोलन करून बाकापर्यंत आली ती डावा पाय ओढतच. आता ती केबिनबाहेर पावलावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. डॉक्टरांना आधी बापाशी बोलायचं होतं. दार अर्धवट उघडं होतं.

मी गेन्नादीला हळू आवाजात सगळं सांगितलं. तुकडे, स्क्रू, आठ आठवडे. काही गाळलं नाही. तो अंगानं दांडगा, मान बैलासारखी. ऐकता ऐकता ती मान खाली खाली जात राहिली. मग त्यानं माझ्या दंडाला धरून मला खिडकीकडे नेलं.

"तिला सांगू नका."

"काय?"

"लचक आहे म्हणा. शीर ताणलीय. उद्याचा सामना झाला की मी स्वतः सांगेन."

"अहो, पण डॉक्टर म्हणतायत..."

"डॉक्टरांनी तिला आज पाहिलंय. मी तेरा वर्षं पाहतोय." त्याचा आवाज इतका खाली आला होता की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागत होतं. "उद्या जिंकली तर जानेवारीत मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नाव लागेल. गेल्या वर्षी तीन जागांनी हुकलं. त्याच्या आदल्या वर्षी एका जागेनं. आठवडाभर ती याच पायावर खेळलीय ना? एक दिवस अजून. तिला कळलं तर ती घाबरेल, आणि घाबरून खेळणारी पोर पडते. मी बाप आहे, शरयू माधवोव्ना. तिचं भलं मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

मी काही बोलणार तेवढ्यात दार ढकलून ताया आत आली. एका पायावर लंगडी घालत. गाल लाल, केस अजून घामानं चिकटलेले. तिनं बापाकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

आज मी म्हणू शकते की मला वेळ मिळाला नाही, गोंधळ उडाला. पण ते खरं नाही. वेळ होता. मी एकदा गेन्नादीकडे पाहिलं. त्यानं नुसत्या पापण्या मिटल्या, देवासमोर मिटतात तशा.

"शीर ताणलीय," मी रशियनमध्ये म्हटलं. "घट्ट पट्टी बांधायची. विश्रांती घेतलीस तर उत्तम."

"एवढंच?"

"एवढंच."

डॉक्टरांना रशियन येत नव्हतं. ते गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते. माझ्या खोट्याला ते मान डोलावत होते.

"सांगितलंत ना सगळं? आठ आठवड्यांचं?"

"हो," मी मराठीत म्हटलं.

"प्लास्टर आत्ताच घालून टाकू या मग."

"ते म्हणतायत, उद्या सकाळी येतो. मुलगी दमलीय."

म्हणजे दोन मिनिटांत मी दोन भाषांमध्ये दोनदा खोटं बोलले. ताया माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि बापाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेली. गेन्नादीनं डॉक्टरांचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला सामना होता. मी साडेनऊलाच क्लबवर पोचले. सकाळी उठल्यापासून माझ्या मनात एकच होतं, की तिला सांगायचं. पण सांगायचं कसं? मला येणाऱ्या भाषांपैकी तिला फक्त रशियन यायची, आणि रशियन तिच्या बापालाही यायची. तो सावलीसारखा तिच्याजवळ होता. ती दोरीवरच्या उड्या टाळून बसल्या बसल्या हात मोकळे करत होती, तर हा समोर. ती पाणी प्यायला उठली, तर हा बाटली घेऊन हजर. मी दोनदा जवळ गेले. दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि हवामानाविषयी बोलला. पुण्याची थंडी त्याला थंडी वाटत नव्हती म्हणे.

साडेदहाला ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. तिथे त्याला जाता येत नव्हतं. मी त्याच्या समोरून, त्याच्या डोळ्यांदेखत आत शिरले आणि दार लावलं.

ताया बाकावर बसून पावलाला पांढरी पट्टी गुंडाळत होती. एकावर एक, घट्ट. पाऊल सुजून बोटांपर्यंत निळं झालं होतं.

"ताया, ऐक. काल मी तुला खोटं सांगितलं."

तिचे हात थांबले नाहीत.

"तुझं हाड..."

"मोडलंय," ती म्हणाली. "फ्रॅक्चर. दार उघडं होतं, शरयू माधवोव्ना. तुमची भाषा मला कळत नाही, पण तो शब्द कळतो. टेनिस खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला कळतो."

मी तिच्या शेजारी बसले. 

"मग काल बोलली का नाहीस?"

"मी विचारलं तुम्हाला. तुम्ही उत्तर दिलंत."



"जेवताना वाट पाहिली," ती पुढे म्हणाली. पट्टीचं टोक तिनं दातानं तोडलं. "मला वाटलं, सूप संपल्यावर सांगेल. मग वाटलं, सकाळी सांगेल. आत्ता बाहेर त्यानं माझ्या बुटाची नाडी बांधली, उजव्या. बांधताना वर पाहिलं. मला वाटलं, आता. तर म्हणाला, पहिली सर्व्हिस उंच टाक."

"ताया, तू जाऊ नकोस कोर्टवर. मी सांगते त्यांना, मी संयोजकांना सांगते..."

"नाही." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुम्ही काही सांगायचं नाही. मला माहीत आहे हे तर मुळीच सांगायचं नाही. शब्द द्या."

"आणि त्यांनी सांगितलंच नाही तर?"

"तर मी खेळेन."

"पाय तुटेल गं!"

"तुटू दे. म्हणजे त्याला दिसेल तरी."

ती हे रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं ते असं म्हटलं, जसं कुणी स्टेशनावर गाडी किती वाजता आहे ते सांगतं. मी शब्द दिला. अजून मला कळत नाही की का दिला. बहुतेक आदल्या दिवशी बापाचं ऐकलं होतं म्हणून. तिला नाही कसं म्हणणार?

बाहेर आल्यावर गेन्नादीनं विचारलं, "काय बोलत होतात?"

"सामन्यासाठी शुभेच्छा दिल्या," मी म्हटलं. दोन दिवसांत मला चांगलीच सवय झाली होती.

आम्ही पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसलो. शेदोनशे माणसं असतील, शिवाय क्लबचे पेन्शनर सभासद टोप्या घालून. समोर थायलंडची एक बारीक, चपळ मुलगी होती. पंच चेन्नईच्या रंगनाथन बाई, उंच खुर्चीवर बसलेल्या.

पहिले दोन गेम सरळ गेले. ताया जोरात सर्व्हिस करत होती, दोन फटक्यांत गुण संपवत होती. गेन्नादी गुडघ्यावर बोटं वाजवत पुटपुटत होता, "असंच. छोटं ठेव. छोटं." मलाही वाटलं, निभेल कदाचित.

तिसऱ्या गेमला समोरच्या मुलीनं एक चेंडू जाळ्याजवळ टाकला. ताया मागच्या रेषेवर होती. तो चेंडू मिळण्यासारखा नव्हताच, कुणीही सोडून दिला असता. ताया धावली. डावा पाय रोवून सरकली, पोचली नाही, आणि परत फिरताना चेहरा असा झाला की माझ्या शेजारच्या आजोबांनी "अरे अरे" केलं.

"का धावली?" गेन्नादी म्हणाला. "सोडायचा तो."

पुढचाही सोडला नाही. त्याच्या पुढचाही. बाहेर जाणाऱ्या चेंडूंमागे ती कुंपणापर्यंत धावू लागली. दोन फटक्यांत संपणारा गुण मुद्दाम लांबवू लागली, वीस-वीस फटके. आणि दर गुणानंतर, रॅकेटच्या तारा नीट करता करता, वर पायऱ्यांकडे बघायची. आमच्याकडे. प्रत्येक वेळी सारख्याच, शांत नजरेनं. गेम चार-चार झाले. पुढचा तिनं जिंकला आणि बाकाकडे जाताना पाय टाचेवर ठेवून चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिद्दी पोर आहे, असं कुणीतरी म्हणालं.

गेन्नादीची बोटं थांबली होती.

"ती असं खेळत नाही," तो म्हणाला. "मी तिला असं शिकवलेलं नाही." मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तिला माहीत आहे?"

मी तळहात पदराला पुसत राहिले. शब्द दिला होता. 

"शरयू माधवोव्ना. तिला माहीत आहे?"

मी काहीच बोलले नाही. समोर कोर्टवर बघत राहिले. पण माणूस नाही म्हणायचं असेल तर इतका वेळ घेत नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. फक्त त्याच्या घशातून एक आवाज आला, जड सामान उचलताना येतो तसा.

खाली ताया सर्व्हिसला उभी राहिली होती. तिनं चेंडू जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, आणि वर पाहिलं.

गेन्नादी उठला. "ताया!" तो ओरडला. सगळं मैदान वळून बघायला लागलं. "ताया, पाय मोडलाय तुझा! मला कालपासून माहीत आहे! मी लपवलं! थांब!"

रंगनाथन बाईंना यातलं एक अक्षर कळलं नाही. त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकानं बाहेरून काही सांगायला सक्त मनाई होती. त्यांनी ध्वनिक्षेपकावर इशारा जाहीर केला, बाहेरून मार्गदर्शन केल्याबद्दल. मग मला खुणेनं खाली बोलावलं. मी पायऱ्या उतरून खुर्चीपाशी गेले. ताया दहा पावलांवर चेंडू हातात धरून उभी होती.

"ते काय म्हणाले?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. "डावपेच सांगत होते का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग अगदी सावकाश, एकेक शब्द सांगितला. पाय मोडलाय. मला कालपासून माहीत आहे. मी लपवलं. थांब. एवढं सांगून मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "आणि मीही लपवलं. डॉक्टरांचं बोलणं मीच भाषांतरित केलं होतं."

 बाईंनी ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं.

ताया जाळ्यापाशी चालत गेली. थाई मुलीला काही समजत नव्हतं; तायानं तिचा हात हातात घेतला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं, जणू हरली होती ती थाई मुलगीच. मग बाकावर येऊन बसली आणि बूट काढायला लागली. गेन्नादी खाली येऊन कठड्यापाशी उभा राहिला होता. आत यावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं. एवढा दांडगा माणूस, पण शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा होता.

तायानं मान वर केली नाही. "पापा, बॅग घे," ती म्हणाली.

दुपारी डॉक्टर हेरवाडकरांनी तिला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. रेघ आदल्या दिवसापेक्षा वाढली होती, पण हाड अजून एकसंध होतं. ते माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, या वेळी मी बोलतो तेव्हा मुलीला समोर बसू द्या."

मंगळवारी मी त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेले. गेन्नादी पुढे, ड्रायव्हरशेजारी. ताया मागच्या सीटवर, प्लास्टरचा पाय माझ्या मांडीवर. घाट उतरला. मग गेन्नादीचा डोळा लागला आणि तिनं हळूच विचारलं, "एक विचारू? त्याचं मला कळतं. तो तसाच आहे. तुम्ही का ऐकलंत त्याचं?"

"आमच्याकडे असंच करतात," मी म्हटलं. आणि मग जे मी घरातही कधी बोलले नव्हते, ते त्या परक्या पोरीला परक्या भाषेत सांगितलं. तीन वर्षांपूर्वी माझे वडील आजारी पडले. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही ठरवलं, अण्णांना सांगायचं नाही, खचून जातील. अल्सर आहे असं सांगितलं. औषधं, रिपोर्ट सगळं माझ्याकडे होतं, त्यामुळे सांगायचं कामही माझ्याकडेच. पाच महिने.

"त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

"नाही."

"त्यांनी कधी विचारलं नाही?"

"विचारायचे ना. रोज संध्याकाळी मी घरी आले की विचारायचे. डॉक्टर काय म्हणाले गं आज?"

"रोज?"

"रोज."

ताया खिडकीबाहेर पाहायला लागली. पनवेलच्या अलीकडे कुठेतरी होतो आम्ही. मग ती म्हणाली, "मी फक्त एकदाच विचारलं होतं."

मी तिच्या प्लास्टरवर हात ठेवून बसले होते. तो हात मला विमानतळ येईपर्यंत उचलता आला नाही.

तिचं हाड दहा आठवड्यांत भरलं. जानेवारीची स्पर्धा गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही गेली. त्यानंतरच्या वर्षी ती पात्रता फेरीतून वर चढून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचली. वर्तमानपत्रात खेळांच्या पानावर खाली बारीक अक्षरांत निकाल येतात, तिथे मी तिचं नाव शोधायचे. एकदा ती जगात एक्याऐंशीवी होती. वीस वर्षांची झाल्यावर तिनं दुसरा प्रशिक्षक घेतला. तिच्या पत्रातून कळलं की गेन्नादी सामन्यांना येतो, वर बसतो आणि तोंडातून अक्षर काढत नाही. एकतिसाव्या वर्षी ती थांबली. आता सारातोवला मुलांना शिकवते.

त्या सामन्यानंतरच्या वर्षांत मला इस्पितळांतून बोलावणी यायला लागली. आपल्याकडे उपचारांना येणाऱ्या रशियन बोलणाऱ्या लोकांसाठी दुभाषी हवे असतात. मी जाते. माझी एकच अट असते, की पेशंट खोलीत असल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. गेल्या महिन्यात ताश्कंदहून आलेला एक मुलगा मला दाराबाहेर गाठून हात जोडायला लागला. वडिलांना सांगू नका म्हणाला, त्यांना सोसणार नाही.

"त्यांनाच विचारू या," मी म्हटलं, आणि दार उघडलं.